बीबीच्या रुग्णवाहिकेचा काटा

परत आल्यावर चिपळुणात ज्यानं त्यानं लोणारच्या सरोवराबद्दल विचारलं. बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आलेल्या बाईकडे सांगायला दुसरं काय असणार, असा सगळ्यांचा समज. सरोवर मी पाहिलं. काठावर उभी राहिले, वाऱ्यात पदर सावरत बराच वेळ खाली बघत राहिले, आणि ते फार आवडलं. पण मी गेले होते एका गाडीच्या डिझेलच्या काट्यासाठी. एवढं सांगितलं की समोरचा हसतो आणि पुढचं ऐकायला थांबत नाही. म्हणून लिहून काढते आहे.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना गाडीतली वीज शिकवायचे. बॅटरी, दिवे, स्टार्टर, मीटर, हे माझं विश्व. निवृत्त झाल्यावरही ओळखीपाळखीच्या गाड्या दारात येतात आणि मला ते आवडतं. निर्मला इंगळे ही माझी शिकतानाची मैत्रीण. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो, ती नर्सिंगला आणि मी डिप्लोमाला. नोकरी संपल्यावर ती आपल्या गावी, लोणार तालुक्यातल्या बीबीला, जाऊन राहिली. तिथं गावातल्या काही मंडळींनी मिळून एक जुनी गाडी घेतली, बाहेरगावच्या एका वर्कशॉपमधून तिला रुग्णवाहिकेचं रूप दिलं आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांसाठी ती चालवायला घेतली. सरकारी गाडी येतेच, पण ती एका पेशंटला घेऊन लांब गेलेली असली की दुसऱ्याला वाट बघावी लागते. त्या वेळेला ही गाडी. निर्मला त्या समितीत आहे.

तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. गाडीचा ड्रायव्हर सिद्धार्थ वानखडे याच्यावर डिझेल चोरल्याचा आळ आला होता. त्याच्याकडून चावी काढून घेतली होती आणि गाडी उभी होती. नवा ड्रायव्हर मिळत नव्हता. निर्मला म्हणाली, तो चोर नाही हे मला ठाऊक आहे, पण माझ्या ठाऊक असण्याला कोण विचारतं? दोनदा मेकॅनिकला दाखवलं, त्याला काही सापडलं नाही. तू ये.

मी वीज मोजायचा मल्टिमीटर पिशवीत टाकला आणि निघाले.

जालना ते बीबी

जालन्यापर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं एवढंच, की निर्मलासाठी घेतलेली कोकमाच्या आगळाची बाटली पिशवीत फुटली. माझ्या दोन साड्या आणि मल्टिमीटरची पेटी लालभडक झाली. जालन्याच्या बसस्थानकावर बाकड्यावर बसून मी मीटर उघडला, रुमालानं पुसला आणि टॉर्चच्या सेलवर लावून पाहिला. आकडा बरोबर दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला. पुढचे सगळे दिवस त्या मीटरला आंबट वास येत होता.

जालन्याहून मेहकरकडे जाणारी एसटी सिंदखेडराजावरून, दुसरबीडवरून बीबीला येते. कोकणातल्या माणसाला या वाटेवर आधी जाणवतं ते आकाश. आमच्याकडे रस्ता वळणावळणानं जातो आणि पुढचं गाव अंगावर आल्यावरच कळतं. इथे गाव लांबूनच दिसतं आणि बराच वेळ तसंच दिसत राहतं. काळी जमीन, तुरीची कापलेली खुंटं, मध्येच ज्वारीचे उभे पट्टे आणि हरभरा. शेजारी बसलेल्या बाईनं विचारल्याशिवाय माझ्या मांडीवर हरभऱ्याचे टहाळ ठेवले. मी घाटे सोलायला लागले तर म्हणाली, "पानाले हात लावला की बोटं चाटून पाहा. आंबट लागते." खरंच आंबट लागली. कुठून आलात, कोणाकडे चाललात, लेकरंबाळं किती, हे सगळं तिनं दुसरबीड यायच्या आत विचारून घेतलं. मी कोणाकडे जाते आहे ते सांगितल्यावर तिनं हातातला घाटा खाली ठेवला. म्हणाली, त्या दवाखान्याच्या गाडीचं काहीतरी झालं म्हणतात. ड्रायव्हरनं तेल विकलं म्हणतात.

म्हणजे गोष्ट बीबीबाहेर बरीच लांब पोचली होती.

बीबी

निर्मलाच्या घरी पोचले आणि हातपाय धुऊन बसते तोच समितीचे सचिव दिनकरभाऊ भेटायला आले. गावातले मोठे शेतकरी, साठीच्या आसपासचे. गाडी घेताना सगळ्यांत आधी त्यांनीच पुढाकार घेतला होता. मला वाटलं होतं, कोणी तिरसट माणूस असेल. तसं नव्हतं. इतक्या लांबून आल्याबद्दल त्यांनी आधी माझे आभार मानले, मग खुर्ची पुढे ओढून बसले आणि घडलेलं सांगितलं.

गोष्टी दोन झाल्या होत्या. पहिल्यांदा, एका बाळंतिणीला मेहकरला नेताना सुलतानपूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. टाकी कोरडी. पाठीमागून येणाऱ्या जीपमध्ये त्या बाईला हलवावं लागलं. ती आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, पण वेळ वाईट होती. सिद्धार्थचं म्हणणं, काटा टाकी भरलेली दाखवत होता. दुसऱ्यांदा, समितीची मंडळी लोणारला नेत्रशिबिराला गाडीनंच गेली होती. परत येताना दिनकरभाऊ पुढे सिद्धार्थच्या शेजारी बसले होते. त्यांनी स्वतः पाहिलं, काटा अगदी वर होता. रात्री गाडी सिद्धार्थच्या दारात राहिली. सकाळी दिनकरभाऊंनी चावी फिरवली तर काटा पाव टाकीवर.

"ताई, मले कोणावर आळ घ्यायची हौस नाही," ते म्हणाले. "पण मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. डोळ्यानं पाह्यलेलं खोटं कसं म्हणू?"

मी म्हटलं, तुम्ही पाहिलंत ते खोटं नसेल. काटा खोटं बोलत असेल.

ते हसले नाहीत. दोन दिवसांनी त्यांना सोयरिकीच्या कामानं धाड या गावी जायचं होतं. गाडीची एक चावी निर्मलाच्या हाती दिली आणि परत आल्यावर काय सापडलं ते सांगा, असं म्हणून उठले. दाराशी थांबून एवढंच बोलले, की मीटरही बदलला, टाकीतला सेन्सरही बदलला. आता बदलायला माणूसच उरला होता.

सिद्धार्थचं घर

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मला मला सिद्धार्थकडे घेऊन गेली. तो घरी नव्हता. चावी गेल्यापासून तो मिळेल त्या कामाला जात होता आणि त्या दिवशी गावाबाहेर तुरीच्या मळणीवर होता. आम्ही तिथे गेलो. अंगभर भुसकट, डोक्याला रुमाल बांधलेला, तिशीतला माणूस. निर्मलाला जय भीम केला, मला नमस्कार केला आणि मशीनचा आवाज टाळायला लांब बांधावर येऊन उभा राहिला.

मी त्याला सांगितलं, मला गाडी तपासायची आहे आणि गाडी ओळखणारा माणूस सोबत पाहिजे. तो लगेच हो म्हणेल असं मला वाटलं होतं. तो बराच वेळ पायानं ढेकूळ फोडत राहिला. मग म्हणाला, येईन, पण एका अटीवर. गाडीजवळ तो एकटा थांबणार नाही. मी चहाला जरी गेले, तरी दुसरं कोणीतरी तिथं पाहिजे.

त्या अटीनं मला त्याचा महिना कसा गेला असेल ते कळलं.

गाडी निर्मलाच्या घरामागच्या मोकळ्या जागेत उभी होती. याआधी तिच्यावर काम केलेले रफिकभाई यांनाही मी बोलावून घेतलं. त्यांचं गॅरेज मेहकरच्या रस्त्यावर आहे. कुरकुर न करता आले, उलट म्हणाले की दोन भाग बदलूनही दोष गेला नाही याची त्यांना झोपेत आठवण येते.

इथे थोडं गाडीबद्दल सांगायला हवं. डिझेलच्या टाकीत एक तरंगणारा तुकडा असतो. डिझेल खाली गेलं की तोही खाली जातो. त्याच्या दांड्याला जोडलेला सेन्सर विजेच्या वाटेत कमीजास्त अडथळा आणतो. या गाडीत अडथळा जास्त झाला की काटा खाली येतो, कमी झाला की वर जातो. सेन्सरपासून पुढच्या मीटरपर्यंत एक वायर धावते. ती तुटली तर काटा तळाला बसतो. आणि ती वाटेत कुठे गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकली, तर अडथळाच उरत नाही. मग टाकी रिकामी असो की कशीही असो, काटा वर जातो.

आमच्याकडे, खाऱ्या हवेत, गाडीचे निम्मे आजार गंजातून येतात. त्या सवयीनं मी आधी लोखंडाला वायर जिथे घट्ट बसवलेली असते ते सगळे सांधे उघडले. स्वच्छ होते. इथे गंज नाही, धूळ आहे. मग रफिकभाईंनी टाकीवरचा वायर जोडायचा कनेक्टर काढला आणि मी सेन्सरचा अडथळा मोजला. तरंगता तुकडा हातानं हळूहळू वरखाली केला, आकडाही हळूहळू बदलला. सेन्सर चांगला. कनेक्टर मोकळा ठेवून चावी फिरवली, काटा तळाला गेला. वायर लोखंडाला टेकवली, काटा वर गेला. मीटर चांगला. म्हणजे दोष असलाच तर मधल्या वायरमध्ये. पण ती वायर हलवली, ओढली, हातानं दाबली तरी मल्टिमीटरवरचा आकडा जागचा हलला नाही.

दुपारभर आम्ही रिकामी गाडी खराब रस्त्यानं फिरवली. दुसरबीडच्या बाजूला गेलो, परत आलो, एका नाल्यातून मुद्दाम नेली. काटा होता तिथेच राहिला. सिद्धार्थ शेजारी बसून काट्याकडे असा बघत होता, की मलाच त्याच्याकडे बघवेना. संध्याकाळी रफिकभाई हात पुसत म्हणाले, "मॅडम, दवाखान्यात गेलं की दुखणं थांबते, तसं आहे हे. अब क्या पकडेंगे?"

मीही थकले होते. पण वायरीला दुखणं आपोआप होत नाही आणि आपोआप बरंही होत नाही, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले. आता स्वतःच ते सोडून द्यायचं म्हणजे अवघड होतं. माझं परतीचं तिकीट होतं ते मी त्याच संध्याकाळी रद्द केलं.

रात्रीचं जेवण सिद्धार्थच्या घरी होतं. त्याची बायको वैशाली अंगणवाडीत काम करते. तिनं रोडगे केले होते. गव्हाच्या कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि वर तूप. सोबत वांग्याची भाजी, अशी झणझणीत की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्याकडे नारळ घालून तिखटाची समजूत काढतात; इथे तिखटाला कोणी काही बोलत नाही. मी पाणी मागितलं तर वैशालीनं पाण्याआधी ताटात गूळ ठेवला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली छोटी रोपं लावलेले डबे, आणि शेजारी अंगणवाडीतल्या मुलांनी केलेली कागदाची फुलं.

हात धुताना वैशाली म्हणाली, "ताई, एक विचारू? गाडी दुसऱ्या कोणाच्या दारात उभी असती, तर आधी काय तपासलं असतं? माणूस का मीटर?"

सिद्धार्थ बायकोला म्हणाला, राहू दे. ती म्हणाली, राहूच दिलं इतके दिवस.

मग मी सिद्धार्थला म्हटलं, ते दोन्ही दिवस मला पुन्हा सांग. काट्याचं नको, गाडीत कोण कुठे बसलं होतं ते सांग. त्यानं आठवून सांगितलं. बाळंतीण स्ट्रेचरवर, तिची आई, सासू, नणंद आणि एक शेजारीण बाजूच्या बाकड्यावर. शिबिराच्या दिवशी दिनकरभाऊ पुढे, बाकीची मंडळी दाटीवाटीनं त्याच बाकड्यावर. इतर वेळी? इतर वेळी पेशंटबरोबर एखाददुसरा माणूस. आणि सकाळी, दिनकरभाऊंनी चावी फिरवली तेव्हा? तेव्हा गाडीत कोणीच नाही.

रफिकभाईंच्या गॅरेजमध्येही गाडीत कोणी बसलेलं नसणार. गाडी दुरुस्त करायला लोक आधी खालीच उतरतात.

सुलतानपूरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मला हरभरा काढायला निघालेल्या बायकांना घेऊन आली. रुग्णवाहिकेत बसायचं म्हटल्यावर त्यांनी आधी नकारच दिला. धडधाकट माणसानं त्या गाडीत बसू नये, असं एकीचं म्हणणं. निर्मलानं तिला सांगितलं, तुह्या सुनेले दवाखान्यात हीच गाडी घेऊन गेली होती ना? मग बस. ती पदर खोचून सगळ्यांत आधी चढली.

मी टाकीवरचा कनेक्टर काढून ठेवला. याचा अर्थ असा, की आता मीटरचा टाकीशी काही संबंध नाही. काटा तळालाच राहिला पाहिजे. बाकडं भरलं. सिद्धार्थ चालवत होता, मी शेजारी, रफिकभाई पाठीमागे स्ट्रेचरच्या कडेला. गावाबाहेर पडेपर्यंत काटा तळाला. वाटेतल्या पुलाच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे, तिथे गाडीनं दोन दणके खाल्ले. मागून बायका ओरडल्या, हळू चालव. आणि काटा उठायला लागला.

डिझेल हिंदकळलं तरी काटा नाचू नये म्हणून तो मुद्दाम संथ केलेला असतो. त्यामुळे तो सावकाश चढत होता. पाव, अर्धा, पाऊण. टाकीशी जोडलेलाच नसलेला काटा टाकी भरली म्हणून सांगत होता. सिद्धार्थनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिला. मी त्याला म्हटलं, बायकांना बसलेलंच राहू दे, कोणी उठू नका.

चाकांना दगड लावले, रस्त्यावर गोणपाट टाकलं आणि मी गाडीखाली गेले. या वयात खाली जाणं सोपं, बाहेर येणं अवघड. पाठीत उसण भरली ती अजून आहे. पण दिसलं ते स्वच्छ दिसलं. बाकडं बसवताना वर्कशॉपनं फरशीतून आरपार एक लांब बोल्ट घातला होता आणि त्याचं टोक खाली तसंच सोडलं होतं. वायर बरोबर त्याच्या खालून जात होती. बाकड्यावर वजन आलं आणि दणका बसला की फरशी जराशी खाली दबायची आणि बोल्टचं टोक वायरीत रुतायचं. वरचं आवरण फाटून आतली तांब्याची तार चकाकत होती; फाटलेली बाजू वर, फरशीकडे असल्यानं आदल्या दिवशी ती आमच्या नजरेतून सुटली होती. मी बायकांना उठायला सांगितलं. फरशी वर गेली, बोल्ट वायरीपासून सुटला. मध्ये बोटभरही जागा नव्हती, पण सुटला.

रफिकभाईंनी टेप काढली. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाले, करून टाकतो, झंझट खतम. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, मी चेष्टा करते आहे. मी त्यांना समजावलं की आत्ता टेप गुंडाळली तर दोष जाईल आणि पुरावाही जाईल. मग आपण जे पाहिलं ते आपलंच सांगणं उरेल, आणि सांगण्यावर विश्वास ठेवायचा असता तर दिनकरभाऊंनी सिद्धार्थच्या सांगण्यावरच ठेवला असता. त्यांनी डोळ्यानं पाहिलं होतं ना? मग हेही डोळ्यानंच पाहू देत.

सिद्धार्थ म्हणाला, "ताई बरोबर म्हणतात. हात लावू नका."

दिनकरभाऊ धाडहून दुसऱ्या दिवशी येणार होते. तोवर टाकीत पुरेसं डिझेल भरून ठेवलं, म्हणजे कोणी पेशंट आलाच तर काट्याकडे बघायची गरज पडू नये. त्या मधल्या वेळात निर्मलानं मला सरोवर दाखवलं. वाटेत एका शेतात हुळा भाजत होते. पेटलेल्या काटक्यांवर हरभऱ्याची झुडपं टाकली होती आणि सगळे काळ्या हातांनी दाणे वेचून खात होते. आम्हाला हाक मारून बसवलं. परतताना आमचे ओठ आणि बोटं कोळशासारखी झाली होती.

दिनकरभाऊ आले ते प्रवासाच्या कपड्यांतच. मी काही समजावून सांगितलं नाही. टाकीवरचा कनेक्टर दाखवला आणि म्हटलं, हा तुम्हीच काढा. त्यांनी काढला. सुटं टोक स्वतःच्या रुमालात गुंडाळून गाठ मारली. त्याच बायका पुन्हा बाकड्यावर बसल्या. आता त्यांना गंमत वाटत होती. दिनकरभाऊ पुढच्या सीटवर, शिबिराच्या दिवशी बसले होते तिथेच. मी आणि निर्मला मागे उभ्या राहिलो. पुलाच्या अलीकडच्या खड्ड्यांत गाडी दणकली आणि काटा चढायला लागला.

तो वर टेकेपर्यंत दिनकरभाऊंनी पापणी हलवली नाही. मग गाडी थांबवायला सांगितली. बायकांना उतरवलं. काटा सावकाश खाली आला. पुन्हा बसा, म्हणाले. त्या बसल्या, सिद्धार्थनं गाडी पुढेमागे हेलकावली, काटा पुन्हा वर. त्यांनी उतरून खाली वाकून रुमालाची गाठ पाहिली. ती तशीच होती. गोणपाटावर आडवे होऊन बोल्टही पाहिला आणि पांढऱ्या सदऱ्यावर माती घेऊन उठले.

"सिद्धार्थ, मी चुकलो," ते म्हणाले आणि त्याच्याकडून काढून घेतलेली चावी खिशातून काढून पुढे केली.

सिद्धार्थनं हात पुढे केला नाही. "भाऊ, तुमी मले चोर म्हणलं ते बाजारात म्हणलं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "हे बी बाजारातच सांगा. मग मी चावी घेतो."

मला वाटलं, आता बिनसणार. दिनकरभाऊंनी चावी परत खिशात ठेवली आणि म्हणाले, बरोबर आहे. उद्या बाजारच आहे.

बाजार

बीबीचा बाजार मोठा भरतो. सुलतानपूर आणि आसपासच्या खेड्यांतून लोक येतात. मेथीच्या जुड्या, गावरान वांगी, हिरव्या मिरच्यांचे ढीग, गुळाच्या ढेपी, सुकट विकणारी एक म्हातारी. सुकटीच्या वासानं मला घर आठवलं. तिच्याकडून उगीचच थोडी घेतली. दिनकरभाऊ ज्या चहाच्या हॉटेलासमोर सिद्धार्थला चोर म्हणाले होते, तिथेच येऊन उभे राहिले. चपला काढल्या आणि बाकावर चढले, म्हणजे सगळ्यांना दिसतील. सिद्धार्थ आणि वैशाली समोरच्या वांग्यांच्या ढिगाशी उभी होती.

त्यांनी भाषण केलं नाही. सिद्धार्थनं डिझेल चोरलं असं मी इथंच म्हटलं होतं, ते खोटं होतं, असं सांगितलं. बाजार काही थांबला नाही. पलीकडे भाव चालूच होते. पण हॉटेलपाशी माणसं गोळा झाली. त्यांतल्या एकानं विचारलं, "मंग डिझेल गेलं कोठी?"

"कोठीच गेलं नाही," दिनकरभाऊ म्हणाले. "ते टाकीत नव्हतंच. मीच भरलेली समजलो. वायर खराब होती. मी वायर पाह्यली नाही, मी माणूस पाह्यला."

ते खाली उतरले, चपला घातल्या आणि गर्दीतून सिद्धार्थजवळ गेले. या वेळी सिद्धार्थनं चावी घेतली. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फार झालं नसावं, कारण दिनकरभाऊ लगेच वळले. वैशालीनं मात्र वांगी निवडायचं थांबवलं नाही. एकेक वांगं उलटसुलट करून बघत होती.

दुपारी रफिकभाईंनी बोल्ट कापला, त्याच्या टोकावर रबर चढवलं, वायरीचा फाटलेला भाग कापून नवा तुकडा डाग देऊन जोडला आणि सगळी वायर दुसऱ्या बाजूनं, लोखंडापासून लांब बांधून घेतली. मी नुसती शेजारी स्टुलावर बसून बघत होते. खाली जायची पाठीची तयारी नव्हती.

हात धुऊन होतात तोच फोन आला. सुलतानपूरजवळच्या एका वस्तीवर म्हाताऱ्या बाईला श्वास लागला होता. निर्मला पिशवी घेऊन मागे चढली, मी पुढे बसले. वस्तीवर पोचलो तर आजीला खाटेवर बसवलेलं, भोवती सगळं घर. तिला स्ट्रेचरवर घेतलं, निर्मलानं ऑक्सिजन लावला, आणि मुलगा, सून, दोन नाती आणि एक शेजारी, कोणालाही न विचारता, बाकड्यावर दाटून बसले. मी त्यांना काही म्हटलं नाही.

मेहकरचा रस्ता काही चांगला नाही. पहिल्या खड्ड्याला माझी नजर काट्यावर गेली. दुसऱ्या खड्ड्यालाही. काटा पाऊण टाकीच्या जरा वर होता आणि तिथंच राहिला. मागे आजी खोकत होती, निर्मला तिच्याशी बोलत होती, नात रडत होती. मी प्रत्येक दणक्याला काट्याकडे बघत होते. सिद्धार्थनं एकदाही बघितलं नाही. तो रस्त्याकडे बघत होता, हॉर्न देत होता, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर मागे टाकत होता.

दवाखान्याच्या दारात गाडी टेकली तेव्हा आजी डोळे उघडून नातीकडे बघत होती.